गाभण गायीला गुंगीचं इंजेक्शन का चालत नाही? (पिशवीच्या रक्तवाहिनीबद्दल शंका)

गोठेवाली

नमस्कार मंडळी. फलटण तालुक्यात आमचा अकरा जनावरांचा गोठा आहे. दहा एचएफ (होल्स्टीन) गायी आणि एक म्हैस, ती सासूबाईंच्या हट्टाची. मी बीएस्सी झूलॉजी. लग्नानंतर पुस्तकांपेक्षा शेणाशी आणि दुधाच्या फॅटशी जास्त संबंध आला, पण कॉलेजातली खाज काही गेली नाही. म्हणून हा धागा.

मागच्या आठवड्यात आमची बांडी मागच्या उजव्या पायानं लंगडायला लागली. तिसरं वेत, साडेसात महिन्यांची गाभण. बाहेरच्या नखीच्या तळव्याला जखम आणि आत पू. आता बांडी म्हणजे खोड्यात घातली तरी खोड्यासकट चालायला लागेल अशी. मी डॉक्टरांना म्हटलं, गेल्या वर्षी कालवडीची शिंगं काढताना गुंगीचं झायलाझिन दिलं होतंत, तेच थोडं द्या ना. ते म्हणाले, "ती कालवड रिकामी होती. हिला नाही देणार. ते पिशवीच्या नळीवर बसतं."

मग घोट्याच्या वर रबर आवळून बांधलं, खालच्या शिरेत लिग्नोकेन सोडलं, पाय बधिर झाल्यावर नखी कोरली. सगळं मिळून दीड तास, चार माणसं, एक तुटलेली दावण. पण बांडी शेवटच्या अर्ध्या तासात रवंथ करत होती.

त्याआधी डॉक्टरांनी गाभ तपासला. मी कधीपासून मागे लागले होते, तर स्लीव्ह घालून मलाही हात घालू दिला. आधी काहीच कळेना. ते म्हणाले, उजवीकडे बोटाएवढी नळी लागेल, चिमटीत हलकी धरा. धरली आणि अंगावर काटा आला. नाडीसारखं ठकठक नाहीच. मांजर मांडीवर बसून घुरघुरतं ना, तसं सलग.

तर प्रश्न असे. गुंगीचं औषध डोक्यावर काम करतं, ते पिशवीच्या नळीवर कसं "बसतं"? एवढा जोराचा प्रवाह असताना थोडा कमी झाला तर काय बिघडतं? आणि तिसरा जरा घरचा: तीन वर्षांपूर्वी आमची एक गाय सहा महिन्यांवर गाभडली. आदल्याच आठवड्यात तिला असंच गुंगीचं दिलं होतं. सासूबाई अजून तेच कारण सांगतात. खरंच असेल?

उसाचा_फड

ताई आमच्याकडं गाभणीला सर्रास देत्यात. माझ्यासमोर चार-पाच गायांना दिलंय, सगळ्या व्यवस्थित व्याल्या. काय होत नाय. डॉक्टर लोक घाबरवत्यात.

निवृत्त_पशुवैद्य

ताई, तुमचा प्रश्न चांगला आणि तुमचे डॉक्टर त्याहून चांगले. मी ३१ वर्षं सरकारी दवाखान्यांत काढली, त्यातली निम्मी माण-खटावात. आता वेळच वेळ आहे, त्यामुळे लांबण लागेल.

आधी ती घुरघुर. रिकाम्या गायीत गर्भाशयाची मधली धमनी पेन्सिलीहून बारीक असते आणि बोटाला साधा ठोका देते. साधारण चौथ्या महिन्यात, पिशवीच्या ज्या बाजूच्या शिंगात, म्हणजे फाट्यात, गाभ असतो त्या बाजूची धमनी थरथरायला लागते. दुसऱ्या बाजूची मागाहून. नळी रुंद झालेली, भिंत सैल, आणि पुढे वारेचं मोकळं रान. रक्त ठोक्याठोक्यानं न जाता खळाळत जातं, तीच ती थरथर. नवशिके हाडाला चिकटलेली दुसरीच धमनी धरतात आणि गाय गाभण सांगून मोकळे होतात. खूण एकच: हाडाजवळची हलत नाही, गर्भाशयाची पडद्यात लोंबते आणि चिमटीत इकडून तिकडे सरकते. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी अशा तीन गायी "गाभण" करून, वर चहा पिऊन आलोय.

प्रवाह किती? अमेरिकेत गायींवर मोजलाय. साडेचार महिन्यांच्या गाभाला मिनिटाला ३ लिटरच्या आसपास, आणि आठ महिने उलटल्यावर १३ लिटरच्या आसपास. म्हणजे ४० लिटरचा दुधाचा कॅन तीन मिनिटांत.

आता हे पाणी सोडतं कोण. तुमच्या भागातून नीरा उजवा कालवा जातो, म्हणजे रात्रीची दारं धरणं तुम्हाला नवं नाही. धमनीच्या भिंतीत गोल स्नायू असतो. तो आवळला की दार बंद, सैल पडला की उघडं. त्या स्नायूच्या पेशींवर रिसेप्टर असतात, म्हणजे दाराचे दांडे समजा. अल्फा जातीचा दांडा ओढला की दार मिटतं. बीटा-२ ओढला की उघडतं. ओढणारा हात एकच असू शकतो, भीतीच्या वेळी रक्तात सुटणारं अ‍ॅड्रेनॅलिन. कुठल्या जातीचे दांडे किती बसवलेत आणि किती तेलपाणी केलेले आहेत, यावर दार कुठं जाणार ते ठरतं.

आणि दांडे बसवणारा मिस्त्री म्हणजे हार्मोन. तुम्ही विचारलं नाहीत, पण खरी गंमत इथं आहे. १९०६ साली इंग्लंडात हेन्री डेल मांजरींवर काम करत होते. रिकाम्या मांजरीच्या पिशवीला अ‍ॅड्रेनॅलिन दिलं की ती सैल पडते. गाभण मांजरीला तेच दिलं की आवळते! औषध तेच, अवयव तोच, उत्तर उलटं. अल्फा-बीटा असे दोन प्रकार मानले तर हे कोडं सुटतं, हे मांडायला १९४८ उजाडावं लागलं. ते अमेरिकेतल्या रेमंड आल्क्विस्ट यांनी मांडलं. हे पिशवीच्या स्नायूचं झालं. मांजरीचं उलटं, पण ढोबळमानानं इस्ट्रोजेनच्या राज्यात स्नायूवर अल्फाचा जोर, प्रोजेस्टेरॉनच्या राज्यात बीटाचा. गायीत गाभाचा बहुतेक काळ प्रोजेस्टेरॉनचा, आणि शेवटच्या टप्प्यात वारेतून येणारं इस्ट्रोजेन चढत जातं. म्हणून शेवटचे तीन महिने नाजूक.

रक्तवाहिनीवर मात्र इस्ट्रोजेनचा हात मायेचा आहे. अंडाशय काढलेल्या मेंढीला इस्ट्राडायॉलचं, म्हणजे इस्ट्रोजेनचंच, एक इंजेक्शन द्या. पहिला अर्धा तास काहीच नाही. मग दीड-दोन तासांत पिशवीचा रक्तप्रवाह दहापटीपर्यंत चढतो. धमनीच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड सुटतं आणि स्नायू ढिला पडतो. माजावरच्या गायीतही इस्ट्रोजेन वर आणि प्रोजेस्टेरॉन खाली असताना पिशवीकडे रक्त जास्त जातं. याहून मजा १९७९ च्या एका कामात आहे. गायींच्या दोन्ही बाजूंच्या धमन्यांवर प्रवाहमापक बसवून पाहिलं, तर रेतनानंतर १४ ते १८ व्या दिवसांत फक्त गाभाच्या बाजूचा प्रवाह वाढलेला. गाभ तेव्हा धाग्यासारखा असतो, आपल्या हाताला तर सोडाच. पण त्यानं आपल्या बाजूचं दार उघडून घेतलेलं असतं.

आता झायलाझिन. ते अल्फा-२ दांड्यावर बसतं, अल्फाचाच हा एक प्रकार. हा दांडा दोन ठिकाणी आहे. मेंदूत आणि मज्जातंतूच्या टोकाला तो ओढला की जागं ठेवणारं नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सुटायचं थांबतं, म्हणून गुंगी. पण तोच दांडा रक्तवाहिनीच्या स्नायूवरही आहे आणि तिथे ओढला की वाहिनी आवळते. वर पिशवीचा स्नायूही आवळतो, जवळजवळ कळा आणणारं ऑक्सिटोसिन दिल्यासारखा, आणि त्याच्या आतून जाणाऱ्या नळ्या चिमटतात. शिवाय हृदयाचे ठोके मंदावतात. तीन बाजूंनी मार. गाभण गायींत अगदी कमी मात्रेतही पिशवीला मिळणारा ऑक्सिजन चांगलाच घटतो, हे मोजून दाखवलंय. तुमच्या डॉक्टरांचं "नळीवर बसतं" हे वाक्य मी असतो तर मीही एवढंच बोललो असतो, गोठ्यात उभं राहून यापेक्षा जास्त कोण बोलतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर यातच आहे. गाभणीत ती नळी आधीच जवळजवळ पूर्ण उघडलेली असते. आणखी उघडायला जागा नाही. त्यामुळे वरून दाब कमी झाला किंवा दार थोडं मिटलं, तर भरपाई करायला हाताशी काही उरत नाही. वासराला साठा करून ठेवता येत नाही.

फड साहेब, तुमच्या चार-पाच गायी व्याल्या याचा आनंद आहे. मीही सुरुवातीला दिलंय, आणि बहुतेक व्याल्याच. पण जी गाभडली ती "नशीब" म्हणून सोडून दिली आणि जी व्याली ती मोजली, असा हिशेब आपण सगळेच करतो. आणि रवंथ करणारं जनावर या औषधाला फार हळवं, घोड्याच्या साधारण दहाव्या हिश्श्यात आडवं होतं. त्यात मात्रा अंदाजानं भरणारे महाभाग मी पाहिलेत.

ताई, तिसरा प्रश्न. सहा महिन्यांवर गाभडणं म्हटलं की माझ्या डोक्यात पहिलं इंजेक्शन येत नाही, ब्रुसेला हा जंतू येतो. तो पाच महिन्यांच्या पुढेच बहुधा गाभ पाडतो. त्या वेळी रक्त तपासलं होतं का? वार हातानं कुणी उचलली? नसेल तपासलं तर आता सगळ्या गोठ्याचं तपासा. हा रोग माणसालाही होतो. एका आठवड्याच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या म्हणून एकीनं दुसरी घडवली असं होत नाही. झायलाझिनचा मार तासांत मोजायचा असतो. आठवड्यानं गाभडली तर मी आधी दुसरीकडे बघेन.

गोठेवाली

डॉक्टरकाका, दोनदा वाचलं. एकदा मी, एकदा सासूबाईंना मोठ्यानं. वार त्यांनीच उचलली होती, हातमोज्याशिवाय. तपासणी झालेली नाही. डॉक्टरांना आजच फोन करते.

पण एक अडकलं. गाभाच्या काळात शरीर एवढा आटापिटा करून दार उघडं ठेवतं, तर मग अल्फाचे दांडे काढूनच का टाकत नाही? म्हणजे कुठलंच औषध, कुठलीच भीती तिथं पोचणार नाही.

भूलवाली

मी माणसांची भूल देते, सोलापूरला. सिझेरियनच्या टेबलावर रोज याच दांड्यांशी झटापट असते, म्हणून मध्ये तोंड घालते.

शरीर काही दांडे खरंच काढतं. सगळ्यात ठळक उदाहरण अँजिओटेन्सिनचं. हा रक्तवाहिन्या आवळणारा हार्मोन गरोदर बाईच्या रक्तात वाढलेला असतो, आणि तरी तिचं बीपी वाढत नाही, उलट मधल्या महिन्यांत थोडं उतरतं. कारण वाहिन्या त्याचं ऐकेनाशा होतात. गर्भाशयाच्या धमनीच्या स्नायूत त्याचा आवळणारा एटी-१ रिसेप्टर कमी, आणि न आवळणारा एटी-२ जास्त. १९७३ साली डॅलसमध्ये पहिलटकरणींना अँजिओटेन्सिनची मोजून मात्रा देऊन बीपी किती चढतं ते गरोदरपणभर पुन्हा पुन्हा पाहिलं. ज्यांचं पुढे सगळं सुरळीत झालं त्या शेवटपर्यंत बधिर राहिल्या. ज्यांना पुढे बीपीचा त्रास झाला त्यांचा बधिरपणा कित्येक आठवडे आधीच ओसरायला लागला होता, बीपी नॉर्मल दिसत असताना. मी हे शिकले तेव्हा मला ते भीतीदायक वाटलं होतं. वरून सगळं शांत आणि आत दांडे बदलताहेत.

दुसरं, मज्जातंतू. गरोदरपणाच्या शेवटी गर्भाशयातले नॉरअ‍ॅड्रेनॅलिन सोडणारे मज्जातंतू चक्क झडतात. स्वीडनमध्ये लुंडच्या लोकांनी सत्तरच्या दशकात हे गिनीपिगमध्ये दाखवलं, बायकांतही दिसलं. म्हणजे हात काढून घेतले. पण दांडे राहिलेच. रक्तातून येणारं अ‍ॅड्रेनॅलिन ते ओढू शकतं. गाभण मेंढ्यांत तर असं दिसलंय की अल्फा औषधाला बाकी शरीरातल्या वाहिन्यांपेक्षा पिशवीच्याच वाहिन्या जास्त हळव्या.

का? माझा अंदाज, पुस्तकातलं वाक्य नव्हे: मेंढीमागे लांडगा लागला तर त्या दोन मिनिटांत रक्त पायांना हवं. आई वाचली तर पुढच्या वर्षी पुन्हा गाभण राहील. निसर्गाचा हिशेब आईच्या बाजूनं आहे, आणि तो आपल्याला निष्ठुर वाटतो.

आता आमच्या टेबलावरची फजिती. पाठीत इंजेक्शन दिलं की बाईचं बीपी पडतं, ते चढवावं लागतं. १९७४ साली गाभण मेंढ्यांवर चार औषधं तोलली गेली. शुद्ध अल्फावालं मेथॉक्झामिन दिलं तर पिशवीचा प्रवाह घटला, एफेड्रिन दिलं तर टिकला. झालं, पुढची कित्येक वर्षं एफेड्रिन हेच धर्मवाक्य. त्या चारांत मेफेन्टरमिनही होतं, जे आपल्याकडच्या प्रत्येक ऑपरेशन थिएटरात ट्रेमध्ये पडलेलं असतं. मग बाळांच्या नाळेतलं रक्त तपासायला लागले, आणि निघालं भलतंच. एफेड्रिन वार ओलांडून बाळात जातं, त्याचं चयापचय वाढवतं, आणि बाळाच्या रक्तात आम्ल जास्त मिळतं. शुद्ध अल्फावालं फिनाइलएफ्रिन दिलेल्या आयांची बाळं त्या मापानं बरी. आज आम्ही पहिल्यांदा तेच भरतो.

म्हणजे डॉक्टरांचं म्हणणं खोडत नाहीये. आमची बाई पाच-दहा मिनिटांत बाळंत होणार असते, बीपी पडलेलं असतं, आणि औषध बीपी जेवढं पडलंय तेवढंच वर आणतं. बांडीला अजून दोन महिने काढायचेत. दांडा तोच, प्रसंग वेगळा.

उसाचा_फड

मग ते गाभ टिकवायचं इंजेक्शन देत्यात ते उलट्या दांड्याचं का? आयसोक्सुप्रिन का काय. आमच्या म्हशीला दिलं होतं.

निवृत्त_पशुवैद्य

बरोबर ओळखलंत. ते बीटा-२ ओढतं. पिशवी सैल पडते, वाहिन्याही उघडतात. पिळ पडलेली पिशवी सोडवताना किंवा मारकुटीनं कळा सुरू झाल्या तर मी वापरलंय, कधी थोडा वेळ मिळतो. पण गाभ कशानं पडतोय ते न बघता देणं म्हणजे फुटलेल्या पाटाला दार धरणं. आत वासरू मेलं असेल किंवा जंतू बसला असेल, तर पिशवी सैल ठेवून तुम्ही काय मिळवलं?

भूलवाली मॅडम, मेंढी आणि लांडगा आवडला. त्याला एक पुरवणी. झायलाझिन दिलं नाही, पण गायीला दोरांनी पाडून, तोंडावर बसून, काठ्या मारून नखी कोरली, तर तिचं स्वतःचं अ‍ॅड्रेनॅलिन त्याच अल्फा दांड्यावर जातं. औषध टाळल्याचं पुण्य तिथंच संपतं. म्हणून मला तुमच्या मजकुरातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य "रवंथ करत होती" हे वाटलं, ताई. नुसतं बांधून केलं असतं तर ती रवंथ करत बसली नसती. पाय बधिर झाला, दुखणं गेलं, जनावर शांत झालं.

फक्त रबर तासाभराच्या आत सोडायचं, आणि एकदम नाही, हळूहळू.

अवांतर: एका गाभण गायीमागे रात्री कुत्री लागून ती उसातून तारेच्या कुंपणात गेली होती, आठवा महिना. जखमा मी शिवल्या. वासराचं कसं विचारल्यावर मी हात घातला, थरथर शाबूत. महिन्यानं व्याली, जिवंत कालवड. कधी कधी दार पुन्हा उघडतंही.

गोठेवाली

डॉक्टर काल येऊन सगळ्यांची रक्तं घेऊन गेले. म्हैस हात लावू देईना, तर सासूबाईच तिच्या शिंगांना धरून उभ्या राहिल्या. यावेळी हातमोजे घालून. त्यांचीही तपासणी करायला सांगितलीय, सोमवारी नेते. तीन वर्षांपूर्वीच्या त्या इंजेक्शनबद्दल आज काही बोलल्या नाहीत.

बांडी आज गव्हाणीपर्यंत चारी पायांवर गेली. वाढं टाकलं तर शेजारणीचंही ओढून खाल्लं.